शून्याची रेघ

मुंगीला मुंगी हे नाव लहान मुलांनी दिलं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती नमुने घ्यायची आणि सुई टोचण्याआधी प्रत्येक पोराला सांगायची, "काही नाही रे, मुंगी चावेल एवढंच." मुंगी चावायची, पोर रडायचं विसरून जायचं आणि जाताना आईला बजावायचं की पुढच्या वेळी मुंगीताईकडेच यायचं. मोठी माणसंही तिच्याच खुर्चीसाठी ताटकळत बसायची, कारण तिला शीर सापडायची. बाकीच्या जणी दोन्ही हात चाळून थकायच्या, तिथे ही नुसतं बोट फिरवायची आणि सुई बरोबर जागी शिरायची. असा हात असलेल्या बाईने ती नोकरी सोडून टॅटू काढायला शिकावं, हे कुणाच्याच पचनी पडत नव्हतं. पण रिकाम्या वेळात ती रिपोर्टच्या पाकिटांवर पानं, पक्षी आणि समोर बसलेल्या पेशंटांचे कान काढत बसायची, आणि ते कान इतके हुबेहूब असायचे की एकदा एका आजोबांनी स्वतःचा ओळखला. आपलं खरं काम पाकिटावर चाललंय, हे तिला कळून चुकलं होतं. शेवटी तिने लॅबमधून बिनपगारी रजा घेतली आणि उस्तादकडे जायला लागली.

उस्ताद ही बाई होती. पन्नाशी उलटलेली, आडव्या बांध्याची आणि बोलण्यात भलतीच काटकसरी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत तिचं काम चालायचं. बाहेरच्या खोलीत बाकडं आणि आरसा, आतल्या खोलीत खुर्ची, दिवा, शाईच्या बाटल्या आणि साबणाचा वास. मुंगीने तिथे आधी फरशी पुसली, मग मशीनच्या वायरींना प्लास्टिक गुंडाळलं, मग रबरी कातडीच्या तुकड्यांवर रेघा मारल्या. नुसत्या रेघा. पानं-पक्ष्यांचं नाव काढलं की उस्ताद तोंड वाकडं करायची. पुढे रबर संपलं आणि उस्तादच्या नियमाप्रमाणे मुंगीने स्वतःच्या मांडीवर एक पान काढलं. उस्तादने ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि "हं," म्हणाली. त्या एका "हं"वर मुंगी घरी तरंगत गेली.

दुसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाली, "आता माणूस आण. घरातला. आणि जागा अशी हवी, की रोज दिसली पाहिजे. कपड्याखाली झाकलेली नको."

"घरातलाच का?"

"परक्याच्या अंगावरची चूक दाराबाहेर गेली की तू विसरशील. घरातली रोज समोर येऊन बसते." उस्तादने हातमोजे काढून टोपलीत टाकले. "तू काम करत असताना मी आत येणार नाही. आणि झाल्यावर लगेच बघणारही नाही. ताजं काम खोटं बोलतं, सुजेमुळे सगळंच छान दिसतं. महिन्याने माणूस घेऊन ये. मग ठरवू, तुला गिऱ्हाइकापाशी बसवायचं की नाही."

"आणि नाही ठरलं तर?"

"तर लॅब आहेच की तुझी."

लॅब होती, पण महिन्याभरापुरतीच. रजा तेव्हा संपत होती, आणि येणार की नाही ते एकदाच काय ते सांगून टाक, असं मुख्य डॉक्टरांनी गोडीत पण ठाम सांगितलं होतं. म्हणजे उस्तादचा निकाल आणि लॅबचं उत्तर एकाच आठवड्यात येऊन ठेपणार होतं.

घरात तिच्याखेरीज माणसं तीन. नवऱ्याने ऐकताक्षणी दोन्ही हात वर केले. त्या दोघांचं लग्नच मुळी सुईमुळे जमलं होतं. हा गृहस्थ रक्त द्यायला आला आणि सुईची टोपी निघायच्या आधीच तिच्या खांद्यावर बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो रिपोर्टबद्दल नव्हता. "तू जीव मागितलास तर देईन," तो आता म्हणाला, "हात तेवढा मागू नकोस."

सासूबाई मात्र एका पायावर तयार. मनगटावर मोठं फूल हवं, आणि ते समोरच्या घरातल्या बाईला दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. पण त्यांना मधुमेह, जखम लवकर भरत नाही, आणि उस्तादने ते ऐकल्याबरोबर नकार दिला. सासूबाई रुसल्या. दोन दिवस त्या साखरेच्या डब्याकडे असं बघत होत्या, जसं काही सगळं त्याचंच कारस्थान.

उरले बाबा, म्हणजे सासरे. त्यांना विचारायचं मुंगीच्या जिवावर आलं होतं.

बाबांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानादुकानांतून फिरून तराजू, वजनं, लिटरची मापं, कापडाच्या दुकानातल्या मीटरपट्ट्या तपासायच्या, आणि खोटं सापडलं की तिथल्या तिथे जप्त. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी ते भाजी घ्यायला आले की बाजारातले भाजीवाले ताठ बसायला लागायचे. घरात नवी बादली आली तरी ती खरंच तेवढं पाणी घेते का, हे बघितल्याशिवाय तिच्यात कुणी हात बुडवायचा नाही. "अंदाजे" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मुंगीच्या या नव्या उद्योगाला त्यांचा पहिल्यापासून विरोध, आणि कारणही त्यांनी एकदाच, स्वच्छ सांगितलं होतं. "चुकीचं माप परत घेता येतं. माणसाची चामडी परत घेता येत नाही. एवढी चांगली विद्या हातात असताना हे कशाला?" त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ते न बोलणंच मुंगीला जास्त लागलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मुंगी ताटं उचलत होती. बाबा हात धुऊन आले आणि तो हात न पुसता तसाच तिच्यासमोर धरला.

"हा घे."

"टॉवेल?"

"हात घे म्हणतोय. सहीचा आहे. अर्ध्या बाहीचे शर्ट घालतो मी, रोज दिसेल तुला."

मुंगीच्या हातातलं ताट कललं. सासूबाईंनी ते वेळेवर पकडलं.

"पण बाबा, तुम्हाला तर हे पटत नाही."

"नाहीच पटत. पण कुणाच्या तरी अंगावर तू शिकणारच आहेस. कुण्या तरण्याताठ्या पोरीवर चूक झाली तर तिने ती जन्मभर वागवायची. माझ्याकडे वर्षं कमी उरलीत. नुकसान त्यातल्या त्यात इथे कमी."

हे त्यांनी इतक्या सरळ हिशेबी आवाजात सांगितलं, की नवरा "बाबा, असं काय बोलता," एवढंच म्हणू शकला. मुंगी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. आपल्यावर जीव आहे म्हणून हात देताहेत, की आपण चुकणार याची खात्री आहे म्हणून, हे तिला कळेना. दोन्ही असेल, असं मनाला सांगून तिने भांडी घासली.

काय काढायचं, तेही बाबांनीच ठरवलं. त्यांना पट्टी हवी होती. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे, आतल्या बाजूने, दहा सेंटिमीटरची खरीखुरी मोजपट्टी. सेंटिमीटरची रेघ लांब, अर्ध्याची आखूड.

"फूलबिल असलं तर चूक पाकळीत लपेल," ते म्हणाले. "रेघ सरळ आहे की नाही, ते आंधळ्यालाही कळतं."

उस्तादने बाबांचा हात उलटसुलट करून बघितला, कातडी चिमटीत धरून सोडली. "म्हातारी कातडी आहे," ती मुंगीला म्हणाली. "पातळ. सुई वरच्या वर राहिली पाहिजे, जरा खोल गेली की शाई आतून फुटते. तुझ्या हाताला खोल जायची सवय आहे, लक्षात ठेव." मग कागदावरच्या पट्टीचा ठसा हातावर उमटवून झाल्यावर बाबांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, ठशावर ठेवली आणि मनगट जरासं वाकवलं. "वाकवलं की माप कमी भरतंय," ते म्हणाले.

"मग वाकवू नका," उस्ताद म्हणाली, आणि बाहेर जाऊन बाकड्यावर पाठ करून बसली. दार उघडंच होतं.

मुंगीने मशीन सुरू केलं. पहिली रेघ मनगटापाशी, शून्याची. तिने कातडी ताणून धरली, सुई टेकवली, आणि नको तेव्हा वर बघितलं. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. ओठ पांढरे पडले होते. बाजारातल्या धटिंगणांना घाम फोडणारा हा माणूस सुईला घाबरत होता, आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला ही भीती कुठून आली, ते मुंगीला त्या क्षणी कळलं. तिला त्यांची दया आली. आणि घाबरलेल्या माणसासमोर तिच्या हाताने इतकी वर्षं जे केलं होतं, तेच केलं. लवकर आत, लवकर बाहेर, म्हणजे बिचाऱ्याची सुटका होईल. "झालं, झालं," ती पुटपुटली, आणि सुई खोल गेली.

तिला ते डोळ्यांनी दिसण्याआधी बोटांना कळलं. शीर सापडल्यावर जशी हलकीशी वाट मिळते, तशी वाट मिळाली. लॅबमध्ये याच जाणिवेवर तिचं नाव झालं होतं. तिने झटकन हात उचलला. रेघेच्या कडेने कातडीखाली निळसर सावली पसरत होती, टीपकागदावर थेंब पडावा तशी.

तिने मशीन बंद केलं. बाहेर उस्ताद हलली नाही, काही बोललीही नाही.

"संपलं?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. आता सुरू होतंय. दुखेल, बाबा, आणि वेळ लागेल. मी घाई करणार नाही."

"करू नकोस," बाबा म्हणाले.

पुढच्या रेघा तिने श्वास मोजून मारल्या. बाबांच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं नाही. एकेक रेघ वरच्या वर, हलकी, सरळ आली. दहाव्या रेघेपर्यंत बाबांचे ओठ पुन्हा माणसात आले होते आणि ते सायकलवाल्याच्या हवेच्या पंपावरचा काटा चुकीचा दाखवतो की काय, याची शंका काढत होते.

मग सुरू झाला तो महिना. हात सुजला, उतरला, खाजायला लागला. खाजवायचं नाही, अशी सक्त ताकीद. सासूबाई डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायच्या आणि बाबांचा डावा हात उजव्याकडे सरकला की पेपरची गुंडाळी करून एक द्यायच्या. फुलाचा राग त्यांनी अशा रीतीने काढून घेतला. खपल्या पडल्या, नवी कातडी आली, आणि पट्टी दिसायला लागली. एकपासून दहापर्यंत रेघा अशा सुबक, की नवरासुद्धा जवळ येऊन, डोळे किलकिले करून बघून गेला. फक्त शून्य फुटलं होतं. ती रेघ जाड झाली होती आणि तिच्याभोवती एक मळकट निळा डाग बसला होता, जो आता कधीच जाणार नव्हता.

बाबांनी तो भिंग लावून पाहिला, हे मुंगीने दाराआडून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला आले, तेव्हा त्यांचं घड्याळ उजव्या मनगटावर होतं. जन्मभर डाव्या हाताला बांधलेलं घड्याळ. रुंद चामडी पट्टा बरोब्बर शून्यावर बसला होता.

घरातली चौघंही मूग गिळून बसली. सासूबाईंनी चहात जरा जास्तच वेळ चमचा फिरवला, एवढंच.

मुंगीने मात्र दोन दिवस अन्न चिवडलं. शेवटी तिने नवऱ्याला गाठलं. "घड्याळ बघितलंस?"

"बघितलं."

"उस्तादकडे तसंच घालून येणार आहेत ते."

"मग येऊ दे ना." नवरा गादीवर उठून बसला. "बाबांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी लपवलंय. तेही तुझ्यासाठी. हे काय थोडं आहे? तू हट्टाने उघडं पाडायला जाऊ नकोस. बाकीच्या रेघा उत्तम आहेत. त्यावर पास होशील, पुढे हात बसेल, संपलं. नाहीतर सोमवारपासून परत लॅब."

तो चुकीचं बोलत होता असं नाही. तिलाही ते हवंच होतं. घड्याळ तिने बांधलं नव्हतं, कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं किती सोपं असतं, ते या दोन दिवसांत तिला चांगलंच कळलं होतं.

ठरल्या दिवशी मुंगी आणि बाबा जिना चढून गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. उस्तादने त्यांना खिडकीपाशी बसवलं, हात उजेडात घेतला आणि पट्टीवरून बोट फिरवलं. दहा, नऊ, आठ. बोट सावकाश खाली येत होतं. बोट एकवर आलं आणि घड्याळाच्या पट्ट्याला अडलं.

"शून्य कुठंय?" उस्तादने विचारलं.

"एकपासून सुरू होते," बाबा म्हणाले.

"पट्टी?"

"काही काही पट्ट्या असतात तशा."

आयुष्यभर पट्ट्या तपासलेला माणूस हे बोलत होता, आणि बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मुंगीने त्यांना बाजारात भल्याभल्यांना अडवताना पाहिलं होतं, आणि तेव्हा समोरच्या दुकानदाराचे कान असेच लाल व्हायचे. तिला त्यांची फार दया आली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की त्या दिवशीही तिला अशीच दया आली होती, आणि दया आली म्हणूनच तिने घाई केली होती.

"बाबा," ती म्हणाली, "घड्याळ काढा."

"कशाला? राहू दे."

"काढा."

ते काढेनात. मग तिने स्वतः पट्ट्याचं बक्कल सोडवलं. लॅबमध्ये हजारदा पेशंटांची घड्याळं अशी सोडवली होती. डाग उजेडात आला. उस्ताद वाकून बघत राहिली.

"माझा हात हलला होता," बाबा पटकन म्हणाले. "तिचा दोष नाही. मीच दचकलो."

"हात हलला नव्हता," मुंगी म्हणाली. "ते घाबरले होते, पण हलले नव्हते. मला वाटलं, लवकर उरकावं. सुई खोल मी घातली. तेव्हाच कळलं होतं मला. घड्याळही दिसत होतं रोज. मी गप्प बसले."

"मला बाहेर बसून कळलं होतं," उस्ताद म्हणाली. "सुई खोल गेली की मशीनचा आवाज बसतो." तिने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. मुंगीकडे तिने बघितलंच नाही. ती बाबांना म्हणाली, "तुमचं आयुष्य यात गेलं. तुम्हीच सांगा. हे माप पास, की नापास?"

खाली सायकलवाला कुणाशी तरी वाद घालत होता, त्याचा आवाज वर येत होता. बाबांनी आधी सुनेकडे बघितलं. तिने मान खाली घातली नव्हती. मग त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. घरी भिंगातून बघितलेलंच ते पुन्हा बघत होते, पण या वेळी नोकरीत बघायचे तसं बघत होते, कुणाचीही भीड न ठेवता.

"नापास," ते म्हणाले.

मुंगीला ते लागलं. खोटं कशाला बोला, फार लागलं. पण त्याबरोबर एवढे दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठूनही गेलं. या घरात आल्यापासून बाबा तिच्याशी पहिल्यांदाच असं बोलले होते, आपल्या खात्यातल्या माणसाशी बोलावं तसं. तिने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. सोमवारी लॅबमध्ये काय सांगायचं, ती वाक्यं तिच्या डोक्यात जुळायलाही लागली होती.

बाबांनी घड्याळ घेतलं, पण बांधलं मात्र नाही. ते खिशात टाकून ते उस्तादला म्हणाले, "आमच्याकडे एक पद्धत होती. मुद्दाम खोटं केलेलं माप जप्त, पण चुकून नापास झालेलं आम्ही मोडून टाकत नव्हतो. कुठे चुकतंय ते दुकानदाराला दाखवायचं, दुरुस्तीला मुदत द्यायची आणि मग पुन्हा तपासायचं. पुन्हा तपासायला मीच जायचो. दुसऱ्या कुणाला पाठवत नव्हतो."

"मग?" उस्ताद म्हणाली.

बाबांनी डावा हात पुढे केला आणि तळवा वर करून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मनगटावर, जिथे इतकी वर्षं घड्याळ होतं, तिथे कातडीचा एक गोरा पट्टा पडला होता. ऊन न लागलेला, बाळाच्या अंगासारखा मऊ. त्यांचे ओठ पुन्हा पांढरे व्हायला लागले होते. मुंगीने ते पाहिलं, आणि आपण पाहिलंय हे त्यांनाही कळू दिलं.

"आज करायचं?" तिने विचारलं. "भीती वाटतेय तुम्हाला."

"वाटतेय," बाबा म्हणाले. "तू तिकडे लक्ष देऊ नकोस."

उस्ताद उठली, बाहेर गेली आणि बाकड्यावर पाठ करून बसली. मुंगीने दिवा जवळ ओढला.